बायकांच्या बाजूचा कर्णा

चित्रपटाने खेड्यातल्या स्त्रीला वाणी दिली, असे म्हणतात. म्हणणाऱ्यांत मीही आहे. दोन व्याख्यानांत आणि एका स्मरणिकेत मी तसे म्हटलेले आहे, आणि स्मरणिकेत ते वाक्य ठळक टायपात छापले होते. आमच्या गावापुरते बोलायचे तर तीन हंगाम ती वाणी माझी होती. ती पत्र्याच्या एका कर्ण्यातून बाहेर पडत असे, आणि ती देताना मला स्त्रियांकडे पाठ करून उभे राहावे लागे.

हा कर्णा गेल्या महिन्यात मी माळ्यावरून खाली काढला. सांगलीच्या एका वाचनालयाने जुन्या करमणुकीच्या साधनांचे प्रदर्शन भरवायचे ठरवले होते आणि चिटणिसांनी मला साताऱ्याच्या पत्त्यावर पत्र लिहून ‘आपल्या संग्रही असलेली ऐतिहासिक वस्तू’ मागितली होती. ऐतिहासिक वस्तू मोडक्या पाळण्याखाली, चऱ्हाटाच्या वेटोळ्यात आडवी पडली होती. तिच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते. ते मी खराट्याच्या काडीने काढले आणि सवयीने कर्णा तोंडाशी नेला. गंजाचा वास आला, गंजाखाली रॉकेलचा आणि रॉकेलखाली गुळाचा. पण गुळाचा वास बहुधा माझ्याच डोक्यात होता. वस्तूबरोबर पाटीचा मजकूरही पाठवावा, असे पत्रात होते. तो मी लगेच लिहून टाकला: ‘या कर्ण्यातून हिंदी चित्रपट ग्रामीण स्त्रियांना मराठीत समजावून दिले जात. त्या स्त्रियांना हिंदी येत नसे.’

मजकूर मला आवडला. थोडक्यात होता.

आमचे गाव कडेगावच्या बाजूचे. लढाई संपत आली होती त्या वर्षी माघात पहिल्यांदा तंबू आला. शाळू काढून झालेल्या रानात खुंटे ठोकले गेले, आणि ज्या मातीत दोन आठवड्यांपूर्वी कडब्याच्या पेंढ्या उभ्या होत्या तिथे कापडाचा एक प्रचंड पोळीसारखा फुगवटा उठला. कापड ठिगळांचे होते. आत बसून वर पाहिले की ठिगळांच्या शिवणीतून चांदण्या दिसत, आणि नायिका रडू लागली की वारा सुटून सगळा तंबू तिच्याबरोबर उसासे टाकत असे. मागे तेलाचे इंजिन धडधडायचे. पलीकडच्या मळ्यात गुऱ्हाळ चालू असायचे. काहिलीतल्या उकळत्या रसाचा वास आणि इंजिनाचा धूर एकमेकांत मिसळून जे काही तयार व्हायचे, त्याला मी पुष्कळ वर्षे सिनेमाचा वास समजत होतो. पुढे साताऱ्याच्या पक्क्या थेटरात तो आला नाही तेव्हा मला पदार्थात मीठ नसावे तसे वाटले.

तंबूचा मालक नेमूशेठ. कृष्णाकाठच्या एका गावचा जैन माणूस. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट आणि बोलताना मधूनच एखादा कानडी शब्द. सूर्य बुडायच्या आत त्याचे जेवण झालेले असे, त्यामुळे दिवेलागणीच्या पहिल्या खेळाला तो नेहमी तृप्त आणि किंचित पेंगुळलेला असायचा. प्रोजेक्टरला हळदकुंकू लावून नारळ फोडायचा आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा इंजिनवाल्याला द्यायचा, कारण देव रागावला तर एक वेळ चालेल, असे तो म्हणे.

तंबूच्या मधोमध कनात होती. जुन्या धोतरांची शिवलेली. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. नेमूशेठकडे येणारी रिळे बहुतेक हिंदी असत. पुरुषांच्या बाजूला त्याची अडचण नव्हती. रजेवर आलेले शिपाई घरटी एक होते. कुणी मेरठला हिंदी उचललेली, कुणी आफ्रिकेच्या वाळवंटात, आणि ते एकमेकांना आणि शेजाऱ्यांना हळूच अर्थ सांगत. बायकांच्या बाजूला सांगणारे कुणी नव्हते, असे आम्ही धरून चाललो होतो. म्हणून नेमूशेठ शाळेत आला. मी बावीस वर्षांचा, प्राथमिक शाळेत मास्तर, आणि पंचक्रोशीत हिंदीची परीक्षा दिलेला एकटा.

गावच्या पंचांनी परवानगी दिली, पण अट घातली. कनातीच्या तोंडाशी एक पालथे खोके ठेवायचे, त्यावर मास्तराने उभे राहायचे, तोंड पडद्याकडे, पाठ बायकांकडे. खेळ संपून बायका बाहेर पडेपर्यंत मान वळवायची नाही. ‘मास्तर असला तरी तरणा हाय,’ असे त्यांतले एक जण म्हणाल्याचे माझ्या कानावर आले. मला ते मनातून आवडले होते.

म्हणजे तीन हंगाम मी ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या एकीचाही चेहरा बोलताना पाहिला नाही. मी त्यांना कानांनी आणि नाकाने ओळखू लागलो. पाठीमागे बांगड्या वाजत, तान्ही पोरे चुपचुप दूध पीत, शेंगांची टरफले फुटत. खोबरेल तेल, वेणीतला दवणा, ओल्या लुगड्याची कड. बसायला बायका घरून पोती आणत. गुळाची रिकामी पोती उबेने पाझरू लागली की माझ्या मागे एक गोड, चिकट हवा तयार होई आणि मुंग्या माझ्या खोक्यावर चढत. बायका रडू लागल्या की सुपात धान्य पाखडल्यासारखा आवाज यायचा. तो आवाज आला की मी समजायचो, आपले चांगले चालले आहे.

आता सिनेमातल्या बायकांविषयी सांगतो. त्या दोन प्रकारच्या होत्या. एक पूर्ण बाह्यांचे पोलके घालायची, दुसरी अर्ध्या. पूर्ण बाह्यांची सोसायची, अर्ध्या बाह्यांची नाचायची आणि शेवटून दुसऱ्या रिळात जिन्यावरून पडायची. शिकलेली मुलगी हा तिसरा प्रकार मधूनच येई. ती मध्यंतरापर्यंत टेनिस खेळे आणि मध्यंतरानंतर तुळशीला पाणी घाली. नवऱ्याने हाकलले तरी तिने त्याचा फोटो पुसत बसायचे असते, सासूने चटका दिला तर आपलाच हात चुलीला लागला म्हणायचे असते, आणि नवरा परत आला की त्याच्या पायांवर डोके ठेवून आपणच माफी मागायची असते, हे आमच्या तंबूतले शेंबडे पोरही सांगू शकले असते. तरीही कधीकधी या बाया पडद्यावर बेताल वागत. एखादी वडिलांना म्हणे, मला शिकायचे आहे. एखादी परक्या पुरुषाशी बसून खळखळून हसे. अशा वेळी माझ्या हातात कर्णा होता.

पहिल्या हंगामात मी बरेचसे खरे सांगितले. दुसऱ्यापासून मी चित्रपट सुधारू लागलो. ‘मुझे पढ़ना है,’ असे नायिका म्हणाली की कर्ण्यातून ‘बाबा, तुम्ही म्हणाल तसं’ असे बाहेर पडे. परपुरुषाशी हसणाऱ्या नायिकेबद्दल मी सांगे, हा तिचा मावसभाऊ आहे. माझ्या कर्ण्यात हिंदी चित्रपटातल्या प्रत्येक नायिकेला सहासात मावसभाऊ होते आणि ते सगळे मोटारीतून फिरत.

मला हे कुणी करायला लावले, असे म्हणायची सोय नाही. नेमूशेठ एकदाच एवढे म्हणाला होता, “मास्तर, बाया रडत घरला गेल्या पायजेत. हसत गेल्या तर गडी दुसऱ्या खेळाला धाडत न्हाईत.” बाकीचे सगळे माझे. त्याच दिवसांत मी स्त्रियांच्या उद्धारावरचे निबंध मन लावून वाचत होतो, शाळेच्या समारंभात मुलींच्या शिक्षणावर बोलून हार घेत होतो, आणि दिवेलागणीला खोक्यावर चढून शिकू पाहणाऱ्या मुलीचे तोंड बंद करत होतो. दोन्हींत मला काही विसंगती दिसली नाही. सकाळी पाणवठ्यावरून जाताना बायका मला पाहून पदराआड काहीतरी पुटपुटत आणि एकदम गप्प होत. मी तो आदर समजलो.

पहिल्या रांगेत, माझ्या खोक्याच्या अगदी मागे, आक्का बसायची.

आक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. लहानपणी मला कडेवर घेऊन गावभर हिंडलेली. तिला माण तालुक्यात दिली होती, दहिवडीच्या पुढे. दाजी पलटणीत होते. लढाईच्या आधी त्यांनी तिला झाशीला, शिपायांच्या बिऱ्हाडांच्या लाइनीत नेले होते. लढाई लागली तशी बायकामाणसे परत धाडली गेली. झाशीहून तिने एक हिरवी पत्र्याची ट्रंक आणि लोणचे घालायची एक वेगळीच रीत आणली. ट्रंक उघडली की मोहरीच्या तेलाचा झणका उठायचा आणि आई नाकाला पदर लावायची. झाशीत काय काय होते असे मी एकदा विचारले, तर ती ‘ऊन’ म्हणाली. कुणी पुढे विचारले नाही. आईने लोणच्याचे विचारून घेतले.

तंबू पहिल्यांदा आला त्याच्या आदल्या पावसाळ्यात दाजी लढाईवरून परतले, आणि आक्का सर्व्हिस मोटारीने, हिरव्या ट्रंकेसह, आमच्या दारात उतरली आणि परत गेली नाही. का, ते घरात बोलले गेले नाही. तिच्या डाव्या हाताची दोन बोटे वाकत नव्हती. भाकरी थापताना ती वर राहायची, आणि तव्यावरच्या भाकरीवर एका बाजूला फक्त तीन बोटांच्या खुणा उठायच्या. त्या भाकऱ्या मी पावणेतीन वर्षे खाल्ल्या.

तंबूत ती एकही खेळ चुकवत नसे. परतताना कंदील धरून पुढे चालायची. चित्रपटाबद्दल अवाक्षर नाही. “आवाज बसलाय तुजा, गरम पानी घे,” एवढेच. मला वाटे, भारावून गेली आहे.

तिसऱ्या हंगामात, तंबू उभा असतानाच, तिच्या सासऱ्यांचे पत्र आले. पुनवेला गाडी धाडतो, सुनेला तयार ठेवा. आमचे वडील नव्हते. थोरला भाऊ, दादा, पत्र घडी करून कोनाड्यात ठेवत म्हणाला की ज्याचं माणूस त्याच्या घरी गेलेलं बरं. आईने चूल पेटवली. त्याच आठवड्यात मला साताऱ्याहून स्थळ आले होते आणि मध्यस्थाने विचारले होते, घरात कोण कोण असतं? साधा प्रश्न होता. आम्हा सगळ्यांना तो एकदमच कळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का परसात राखेने भांडी घाशीत होती. मी तोंड धुवायला गेलो, तर मान वर न करता म्हणाली, “तू काय म्हंतोस?”

मी म्हटले, कशाबद्दल?

“दादा तुजं ऐकतोय. शिकलेला हायस. तू न्हाई म्हनलास तर मला धाडायचा न्हाई त्यो.” तिने पातेले उलटे केले. “मला काय ते सांग. म्हंजी मी माज्या मनाची तयारी करते.”

मी म्हणालो, “बघू.” त्या काळात मी हा शब्द फार वापरत असे.

पुनवेच्या दोन दिवस आधीचा तो खेळ. चित्रपट मुंबईत चालला नव्हता, म्हणूनच इतक्या लवकर आमच्यापर्यंत आला होता. तो का चालला नसावा, हे शेवटच्या रिळात कळले. तोपर्यंत सगळे रीतसर होते. पूर्ण बाह्यांची नायिका, नवऱ्याने घराबाहेर काढलेली, शिवणकाम करून पोट भरणारी. मागे सुपे पाखडली जात होती. मग नवरा येतो. दारात उभा राहतो आणि म्हणतो, चल घरी. गोड बोलत नाही की माफी मागत नाही, नुसते, चल. नायिका शिवण बाजूला ठेवते. उठते. आता ती वाकणार, म्हणून मी कर्ण्यात श्वास भरून घेतला. ती वाकली नाही. त्याच्याकडे सरळ बघत म्हणाली, “मैं नहीं आऊँगी. मेरा रास्ता अब अलग है.” आवाजही चढवला नाही.

कनातीपलीकडे शिपाई गडी एकदम गप्प झाले. एक जण “आयला” म्हणाला. दादाही तिकडे बसला होता. माझ्या मागे शेंगांचा आवाज थांबला. सगळ्या बायका माझ्या पाठीकडे बघत असणार.

मला आठवते, त्या क्षणी मी विचार केला नाही. केला असता तर निदान तसे म्हणता आले असते. कर्ण्यातून शब्द आले: “ती म्हणतेय, मी येते. चूक माझीच होती.”

पडद्यावर नायिका दार उघडून बाहेर पडली आणि नवऱ्याला मागे टाकून, एका लांबच लांब रस्त्याने, उगवत्या सूर्याकडे चालू लागली. एकटी. उलट दिशेने. मागून एका म्हातारीने विचारले, “आन् मग ती तिकडं कुठं निगाली?”

“देवाला नारळ द्यायला,” मी म्हणालो. “तिथून ती घरीच जाणार आहे.”

म्हातारीने सुटकेचा श्वास सोडला. बांगड्या वाजल्या, सगळ्या बाजूने चुकचुक झाली, बरं झालं बाई, असे कुणीसे म्हणाले. आणि माझ्या अगदी मागे, पहिल्या रांगेत, कुणीतरी पदरात तोंड खुपसून हुंदके देऊ लागले. दाबलेले, थांबता न थांबणारे हुंदके. शेजारीण तिला उगी उगी म्हणत होती. हुंदका कुणाचा ते मला मान न वळवता ओळखू आले. मला वाटले, शब्द पोचला.

त्या दिवशी परतताना आक्काने कंदील धरला होता, पण गरम पाण्याचे काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ट्रंक भरली. पुनवेला गाडी आली तेव्हा मी शाळेत होतो. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. तरी मी शाळेत होतो. खिडकीतून गाडीवाट दिसायची. बैलांच्या घुंगरांचा आवाज ओढ्यापर्यंत ऐकू आला, आणि मग गुऱ्हाळाच्या चरकाचाच तेवढा.

उन्हाळ्यात माझे लग्न झाले. पुढच्या माघात तंबू आमच्याकडे आलाच नाही. जाण्यापूर्वी नेमूशेठने कर्णा मला भेट देऊन ठेवला होता. मी साताऱ्याला बदली करून घेतली. माणला आक्काकडे मी एकदाच गेलो. उघडे माळ, लांबून मेंढरांच्या घंटा, अंगणात एकच बाभूळ. दाजींनी माझी चौकशी केली, बसायला घोंगडे दिले. आक्काने उजव्या हाताने चहा पुढे केला. मी तो घेताना कपाकडे बघत राहिलो. हाताकडे बघितले नाही.

त्यानंतर चाळीस वर्षे मी एक गोष्ट मनाशी बाळगून आहे. आपण एका अडाणी बाईला खोटे सांगितले, तिने ते खरे मानले आणि ती गेली. शरमेची गोष्ट आहे, पण तिच्यात मला थोडा मोठेपणाही होता, हे आता कळते. माझ्या एका वाक्याने एक आयुष्य वळले! असले अपराध मोठ्या माणसांच्या हातून होतात. आत्मचरित्र लिहायचे झाले तर एक प्रकरण त्यासाठी राखून ठेवले होते.

प्रदर्शनाचे उद्‌घाटन सांगलीत थाटात झाले. तीन हार, चार भाषणे, प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा. कर्णा काचेच्या पेटीत, खाली लाल मखमल, शेजारी माझी पाटी. एका वक्त्याने त्याला ‘स्त्रीमुक्तीची तुतारी’ म्हटले. टाळ्या झाल्या. मी खाली बघितले. लोकांना तो विनय वाटला.

मुक्कामाला मी भाच्याकडे होतो. दाजी जाऊन पुष्कळ वर्षे झाली. आक्का आता मुलाकडे सांगलीला असते. सकाळी मी वर्तमानपत्रात उद्‌घाटनाची बातमी शोधत असताना गल्लीत चादरी विकणारा उत्तरेकडचा फेरीवाला आला. आक्का खिडकीत गेली, चादरीचे टोक दोन बोटांत चोळले आणि म्हणाली, “भैया, धागा कच्चा है. दो धुलाई में रंग छोड़ देगा, फिर तुमको कहाँ ढूँढ़ूँ?”

फेरीवाला हसला, काहीतरी भरभर बोलला. ती त्याच्याहून भरभर बोलली. माझी परीक्षेची हिंदी त्या दोघांच्या मागून धावत होती आणि तिला दम लागत होता. शेवटी त्याने दुसरा गठ्ठा सोडला.

तो गेल्यावर मी विचारले, तुला हिंदी येते?

“झाशीत सव्वादोन वर्सं काडली की रं,” आक्का चादर घडी करत म्हणाली. “लाइनीत एकच नळ. तितं मराठीत भांडून कुनाला कळनार?”

मी वर्तमानपत्राची घडी केली, उलगडली. म्हटले, मग तंबूत?

“तंबूत काय. समदं कळायचं.” ती हसू लागली. “सकाळी हिरीवर मी खरं काय ते सांगायची बायांना. म्हनून तर त्या दुसऱ्या खेळाला यायच्या. तंबूत एक सिनेमा, हिरीवर एक. त्या सुताराच्या घरी त्यो पावना सारका यायचा, त्याला समद्या मावसभाऊच म्हनायच्या. तुला ठावं न्हाई?”

मला ठाऊक नव्हते. पदराआडचा आदर मला चाळीस वर्षांनी नीट ऐकू आला.

मी शेवटच्या खेळाबद्दल विचारले. ती विसरली असेल, अशी मला आशा होती.

“ती बाई म्हनली मी येत न्हाई. तू म्हनलास नारळ द्यायला निगाली.” आक्काने तोंडाला पदर लावला आणि तिचे खांदे हलू लागले. दाबलेला, थांबता न थांबणारा तोच आवाज. “लय हसू आलंतं गड्या. शेजारची म्हनती, उगी, रडू नगंस बाय. मला आनीकच.”

मग जे परसात, राखेच्या भांड्यांपाशी विचारायचे होते, ते विचारले. मग का गेलीस?

हसू ओसरले होते. तिने चादर मांडीवर सारखी केली. दोन बोटे तशीच वर राहिली.

“तुला इचारलं हुतं न्हवं, तू काय म्हंतोस. तू बघू म्हनलास. मग दोन दिसांनी कर्ण्यातनं सांगितलंस.” तिने माझ्याकडे बघितले. रागाने नाही. “त्या बाईचं काय म्हननं हाय ते मला कळत हुतं. तुजं कळंना झालतं. त्ये कळलं. मग कुनाच्या जिवावर ऱ्हायचं?”

बाहेर फेरीवाल्याची आरोळी पुढच्या गल्लीत गेली होती. मी विचारले, मग दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायकांना त्या चित्रपटाचा खरा शेवट सांगितलास का?

“त्येवढा न्हाई सांगितला,” आक्का म्हणाली. “मी जानारच हुते. त्यास्नी कशाला?” आणि उठून ती चहाचे आधण ठेवायला गेली.

म्हणजे तीन हंगामांत मी सांगितलेल्या थापांपैकी एकच टिकली. आमच्या गावात त्या पोत्यांवर बसलेल्या कुणी म्हाताऱ्या अजून असतील तर त्यांच्या मते ती बाई नारळ देऊन घरी गेली.

दुपारी मी वाचनालयात जाऊन चिटणिसांना म्हणालो, पाटीवरचे दुसरे वाक्य, ‘त्या स्त्रियांना हिंदी येत नसे’, चुकीचे आहे, तेवढे खोडावे. कारण त्यांनी विचारले नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि नियम सांगितला: प्रदर्शनातल्या मजकुरात फेरफार करायचा तर तो समितीपुढे ठेवावा लागतो, आणि समितीची पुढची बैठक दिवाळीनंतर आहे.